पानी येतंय, पन जात नाय

३१ डिसेंबरची संध्याकाळ. ऐरोलीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर स्पीकर लागले होते, ‘आई कधी येतेस’ म्हणून मुलीचे दर दहा मिनिटांनी मेसेज येत होते, आणि मी साइटवरच्या पोर्टा केबिनमध्ये बसून टाइप करत होते: पालन केले. पालन केले. लागू नाही. पालन केले. पालन चालू आहे.

किनारा नियमन क्षेत्रातल्या, म्हणजे सीआरझेडमधल्या कामाला परवानगी मिळाली की वर्षातून दोनदा अनुपालन अहवाल द्यावा लागतो, १ जूनला आणि ३१ डिसेंबरला. मोठ्या इमारतींना जी पर्यावरण मंजुरी लागते तिच्या तारखा १ जून आणि १ डिसेंबर. तिकडे नोकरी असती तर माझी थर्टी फर्स्ट वाचली असती.

काम होतं एका नाल्यावरच्या पुलाचं. पारसिकच्या डोंगराकडून निघायचं, एमआयडीसीतून जायचं, रेल्वेखालून सरकायचं आणि शेवटी तिवरांमधून, म्हणजे मॅन्ग्रोव्हमधून, ठाण्याच्या खाडीला मिळायचं, असे आपल्याकडे बरेच नाले आहेत. त्यातला एक. कुठला ते लिहीत नाही. ती कंपनी मी सोडली, पण माणसं अजून लग्नाकार्यात भेटतात. ऐरोली आणि वाशीच्या मध्ये कुठेतरी, खाडीच्या आपल्या, म्हणजे नवी मुंबईच्या काठावर, एवढं पुरे.

मी सिव्हिलची डिप्लोमा. पर्यावरणाची फाइल माझ्याकडे आली ती ‘मॅडम, तुमचं इंग्रजी बरं आहे’ या एका पात्रतेवर. प्रोजेक्ट मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणायचे, त्यांनी परवानगीचं पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे जरा बघून घ्या. पत्रात ३८ अटी होत्या. मी दोन दिवस त्या वाचल्या, मग एका शंभरपानी वहीत मराठीत उतरवून काढल्या, कारण अट पाळणार होता मुकादम आणि पोकलेनवाला, आणि त्यांना ते इंग्रजी मीच वाचून दाखवणार होते.

अटी वाचायला वाईट नव्हत्या. राडारोडा सीआरझेडमध्ये टाकायचा नाही. मजुरांची वस्ती, डिझेलचा साठा, सिमेंटचं गोदाम तिवरांपासून लांब. पाइलिंगचं, म्हणजे पुलाच्या पायासाठी जमिनीत खोल भोकं घेतात त्यातलं, बेंटोनाइट खाडीत सोडायचं नाही. (बेंटोनाइट म्हणजे एक प्रकारची माती. पाण्यात कालवली की इडलीच्या पिठासारखी राखाडी, बुळबुळीत होते. खोदलेलं भोक ढासळू नये म्हणून त्यात भरतात. ते खाडीत गेलं तर चिखलातल्या निवट्या माशांच्या बिळांवर लेप बसतो. आमच्या साइटवर त्याच्यासाठी लोखंडी टाकी होती आणि ती खरंच वापरली जायची, हे आमच्या बाजूनं सांगायला हवं.) वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय एकाही झाडाला हात लावायचा नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे वागायचं.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरतोडीवर बंदी घातली, तिवरांच्या चहूबाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकाम थांबवलं, जमीन कुणाच्याही मालकीची असो. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते पक्कं झालं. तेव्हापासून सार्वजनिक कामासाठी एक तिवर जरी काढायचं असेल तर सगळ्या खात्यांच्या सह्या घेऊन शेवटी न्यायालयाच्या दारात उभं राहावं लागतं. बुलेट ट्रेनसुद्धा त्यातून सुटली नाही. आधीच्या आराखड्यात ५० हजारांहून जास्त तिवरं जाणार होती, तो बदलून आकडा २२ हजारांच्या आत आणला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने हो म्हटलं. तिचा जो बोगदा होतोय त्याचे ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीच्या पोटाखालून जातात, वर फ्लेमिंगो अभयारण्याच्या चिखलाला धक्का नाही. एवढा खर्च लोक आपणहून करत नाहीत. नियम दात दाखवतो म्हणून करतात.

आमची झाडं थोडी होती, परवानगी होती, त्याच्या बदल्यातली लागवड दुसरीकडे व्हायची होती. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत रस्त्यासाठी तिवरं गेली तर किमान तिप्पट क्षेत्रावर लावा असं आहे. त्या तिप्पटीबद्दल माझं एक मत आहे, ते इथेच सांगून टाकते: ‘दुसरीकडे’ म्हणजे नेमकं कुठे, हे झाडं किती यापेक्षा महत्त्वाचं. मोकळ्या चिखलावर रोपं ओळीने लावली की फोटो सुरेख येतो, पण त्याच चिखलात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच घालून जेवत असतात. त्यांच्या ताटात आपण झाड लावतो.

असो. माझी गोष्ट आहे ११ व्या अटीची. ‘कामाच्या कोणत्याही टप्प्यात भरती-ओहोटीच्या पाण्याचा मुक्त प्रवाह अडवला जाणार नाही.’ वहीत मी तिच्यापुढे ‘पाइप’ असं लिहून ठेवलं होतं.

नाल्याच्या मुखाशी पाइलिंगची रिग न्यायची तर चिखलातून जाणार कशी? साठ-सत्तर टनांचं धूड. म्हणून आधी तात्पुरता भराव टाकतात. खाली डबर, वर मुरूम, सहा-सात मीटर रुंद. नाला आडवा कापून हा बांध जातो, आणि पाण्याला वाट म्हणून मध्ये ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचे मोठे पाइप, घालतात. आमच्याकडे ९०० मिलिमीटरचे चार होते. ड्रॉइंगमध्ये चार, जागेवर चार. मी स्वतः बांधावर उभी राहून मोजले, भरतीचं पाणी त्यातून आत येताना मोबाइलवर व्हिडिओ काढला, त्यातला एक फोटो अहवालाला जोडला. ‘अट क्र. ११: पालन केले. सोबत छायाचित्र.’ आणि रात्री अकराला गच्चीवर जाऊन थंड पावभाजी खाल्ली.

साइटला रात्रीचा राखणदार होता. जवळच्या गावचा आगरी माणूस, साठीच्या पुढचा. त्याच्या वडिलांचं भात होतं त्याच पट्ट्यात, पुढे ती जमीन संपादनात गेली, आणि आता तो त्याच जमिनीवर दुसऱ्याच्या पोकलेनची राखण करत होता. याच्यावर तो कधी काही बोलला नाही, मी विचारलंही नाही. इंजिनिअरांना तो ‘सायेब’ म्हणायचा. मला पहिले दोन दिवस ‘मॅडम’, तिसऱ्या दिवसापासून ‘बाय’. मी त्यांना मामा म्हणायचे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी त्यांची ड्यूटी संपत होती, माझी सुरू होत होती. डबा हातात घेऊन ते थांबले.

‘‘बाय, तुमच्या त्या पायपातून पानी येतंय, पन जात नाय.’’

मला वाटलं पाइप तुंबलाय. प्लास्टिक अडकलं असेल. म्हटलं, माणूस पाठवते.

‘‘तुंबला नाय. वर हाय.’’

वर आहे म्हणजे काय, हे समजायला मला अजून चार दिवस लागले. खरं सांगायचं तर मी ते विसरलेच होते. मग एक दिवस चहा घेत बांधाच्या आतल्या बाजूला बघितलं तर तिवरांचा एक पट्टा पिवळा दिसत होता. पिकलेल्या पानाचा पिवळा नव्हे. भाजी फ्रिजमध्ये विसरली की येतो तसा. जानेवारीत तिवर पिवळं पडत नाही.

तिवराचं एक आहे, ते चिखलात उभं असतं, आणि चिखलात हवा नसते. म्हणून त्याची मुळं जमिनीतून वर येतात, पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी, आणि ओहोटीत ती उघडी पडली की झाड श्वास घेतं. वीतभर उंच असतात, फार तर थोडी जास्त. दिवसातून दोनदा बुडायचं, दोनदा उघडं पडायचं, असं त्यांचं ठरलेलं. आमच्या बांधाच्या आत, भर ओहोटीला, ती मुळं दिसतच नव्हती. गुडघाभर पाणी साचून होतं. बाहेरच्या बाजूला मात्र चिखल चकचकत होता, त्यावर निवट्या उड्या मारत होत्या, दोन बगळे आरामात फिरत होते.

मी सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, मागून घेतली. तो म्हणाला, कशाला मॅडम, बिलात नाहीये. म्हटलं, माझ्या समाधानासाठी. गमबूट घालून उतरले. पाइपाच्या तोंडाशी तळाला स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, धरला, मग नाल्याच्या मूळ तळावर, जिथे भराव नव्हता तिथे. फरक आला ५५ सेंटिमीटर.

म्हणजे झालं असं होतं. पाइप तळाला बसवायचा तर चिखल उकरावा लागतो, आणि उकरलेला खड्डा पुढच्या भरतीला परत भरतो. पोकलेनवाल्याने शहाणपणा केला. आधी डबर टाकून घट्ट गादी केली आणि तिच्यावर पाइप ठेवले. पक्कं काम. पाइप हलले नाहीत, बसले नाहीत, रिग वरून गेली तरी तडा नाही. पण भरती आली की पाणी पाइपातून आत जायचं, आणि ओहोटीला बाहेर यायचं ते पाइपाच्या तळापर्यंतच. खालचं ५५ सेंटिमीटर पाणी आत कोंडून. दिवसातून दोनदा पाण्याला येताना वाट होती, जाताना उंबरठा होता.

माझ्या अहवालात पाइप होते. पाइपाची पातळी नव्हती. ती लिहायला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण अटीत फक्त ‘मुक्त प्रवाह’ असं लिहिलेलं. परवानगीच्या अर्जाला जोडलेला सीआरझेडचा नकाशा १:४००० च्या मापाचा असतो, तो मी टेबलावर पसरून पाहिला. त्या मापात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जागेवरचे ४ मीटर. अख्खा बांध पेन्सिलीच्या रेघेत मावत होता. त्या रेघेला उंची नव्हती.

बरं, उंची म्हटलं तरी कुठल्या शून्यापासून? ड्रॉइंगवर पाइपाच्या तळाची पातळी होती, पण तिचं शून्य कुठलं ते लिहिलं नव्हतं. भरतीच्या तक्त्याचं शून्य वेगळं, आमच्या सर्व्हेचं शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी वेगळी. मुंबईला या दोघांमध्ये साधारण अडीच मीटरचा फरक आहे. वर्तमानपत्रात ‘आज ४.६ मीटरची भरती’ असं छापून येतं ते तक्त्याच्या शून्यापासून. दोन शून्यांचा घोळ करून ठेवलेली ड्रॉइंगं मी पुढेही पाहिली. ज्यांचं पाण्यातलं काम चालू आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, चार पाइप आहेत ना? अटीत किती पाइप ते लिहिलंय का? मी म्हटलं, नाही. मग? मी म्हटलं, झाडं मरतायत. ते म्हणाले, तोडली तर नाहीत ना आपण.

इथे मला पहिल्यांदा राग आला, आणि तो निम्मा माझा माझ्यावरच होता. तिवर मारायला कुऱ्हाडच लागते असं आपल्या डोक्यात बसलंय. पाणी अडवून मारता येतं, पाणी कोंडून मारता येतं. नेरूळच्या तलावात २०२४ च्या उन्हाळ्यात रोहित मेले तेव्हा तक्रार होती ती खाडीचं पाणी आत येण्याची वाट बंद झाल्याची. तिथे येत नव्हतं, आमच्याकडे जात नव्हतं. दोन्हीकडे कुणी कुऱ्हाड उचलली नव्हती.

साहेबांना पटलं ते झाडांमुळे नाही. मी म्हटलं, पावसाळ्यात डोंगराकडून पाणी आलं आणि इथे अडलं तर मागच्या वस्तीत शिरेल. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून तर सिडकोने होल्डिंग पाँड बांधले: भरतीला झडप बंद, ओहोटीला उघडी, मधल्या वेळात पाऊस तळ्यात थांबतो. आणि त्या तळ्यांत इतकी वर्षं गाळ साठला, गाळात तिवरं उगवली, आता गाळ काढायचा तर तिवरांसाठी न्यायालयाची परवानगी लागते. तिवरांच्या बाजूने मी आहेच, पण या एका ठिकाणी माझं मत डळमळतं, हे कबूल करते. माणसाने खणलेल्या तळ्याचा गाळ वेळेवर काढला असता तर झाड की वस्ती असा प्रश्नच उभा राहिला नसता.

पाइप खाली न्यायचं ठरलं, चारातले दोन. अमावास्येची ओहोटी धरायची होती. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी बाराच्या सुमाराला उधाणाची भरती असते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या आसपास. खाडीत इतक्या आत ती मुंबईच्या तक्त्यापेक्षा थोडी उशिरा पोचते. हे उशिराचं गणित मामांनी सांगितलं, बोटांवर तिथी मोजून. मी ॲपवर पाहिलं, जवळपास तेच निघालं. मग ॲप बंद केलं.

पहाटे पाचला फ्लडलाइट लावून काम सुरू केलं. हातात जेमतेम तीन तास. पोकलेनवाला, बिहारचा मुलगा, पहिल्यांदा वैतागला, मग त्याला त्यातली मजा कळली. पाइप उचलले, डबराची गादी खरवडली, खाली बल्ल्या ठोकल्या, त्यावर पाइप परत बसवले. पहिला पाइप मोकळा झाला तेव्हा आतलं कोंडलेलं पाणी जे सुटलं, त्याचा वास मला अजून आठवतो. सडक्या अंड्यांचा. कित्येक आठवडे तो श्वास तिथे अडकला होता. माझा डावा गमबूट त्या चिखलात राहिला, तो आजही तिथेच असेल. अनुपालन अहवालात त्याचा उल्लेख नाही.

पिवळी पडलेली बरीच झाडं जगली. बांधाला लागून असलेली चौतीस गेली. मी मोजली.

मग १ जूनचा अहवाल. ११ व्या अटीसमोर मी लिहिलं की पाइपांची पातळी चुकली होती, अमुक दिवस पाणी साचलं, चौतीस तिवरं मेली, पाइप खाली घेतले, आधीच्या अहवालातलं विधान बरोबर नव्हतं. साहेबांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. ‘‘हे लिहायची गरज आहे का?’’ म्हणाले. मी म्हटलं, आधीच्या अहवालावर सही माझी आहे. ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले. मग सही केली. हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण पुढे आमचं फार जमलं नाही.

मी आठ दिवस झोपले नाही. आता नोटीस येणार, पाहणी येणार, कदाचित काम बंद. अहवालाची पोच आली, शिक्का मारलेली. तिच्या पलीकडे काही नाही. कुणी फोन केला नाही, कुणी विचारलं नाही की ही चौतीस झाडं कुठली. मी घाबरले होते शिक्षेला, आणि जे मिळालं त्याने जास्त खचले. माझं आधीचं खोटं आणि नंतरचं खरं, दोन्ही एकाच कपाटात शेजारी शेजारी जाऊन बसलं. नियमाप्रमाणे हे अहवाल लोकांसाठी खुले असतात. वाचणारा एक जण जरी असता तरी पहिल्याच वेळी फोटो बघून त्याने विचारलं असतं, भरतीचा फोटो का लावला, ओहोटीचा कुठाय? तुमच्या घराजवळ खाडीत काम चालू असेल तर तुम्हीच तो एक जण व्हा. ओहोटीचा फोटो मागा. बाकी काही विचारू नका.

राहिली २७ वी अट. ‘तात्पुरता भराव काम पूर्ण होताच संपूर्ण काढून जागा पूर्ववत करण्यात यावी.’

पाया वर आला होता, रिग गेली होती, पावसाच्या आधी बांध काढायचा होता. पाच दिवसांत मुरूम उचलला, डंपर गेले, वरून बघितलं तर पाणी इकडून तिकडे मोकळं वाहत होतं. साहेब म्हणाले, झालं. ‘पालन केले’ लिहा. मी म्हटलं, खाली डबर किती राहिलंय? ते म्हणाले, चिखल दिसतोय, अजून किती खाली जाणार? पूर्वी इथे किती खोल होतं ते कुणी सांगावं?

आणि ते बरोबर होतं. पूर्ववत म्हणजे पूर्वीसारखं, आणि पूर्वीचं आम्ही कुणी मोजलंच नव्हतं. काम सुरू होण्याआधी नाल्याच्या तळाची पातळी घ्यायला हवी होती, आडवे छेद काढायला हवे होते. अर्ध्या दिवसाचं काम. आमच्याकडे पूर्वीचे फक्त फोटो होते: नारळ फोडताना, बॅनरसहित.

संध्याकाळी मामांना हे सांगितलं, सहज, तक्रार म्हणून. ते म्हणाले, उघाडी बघितली का?

बांधाच्या आत, साधारण दोनशे पावलांवर, तिवरांत दडलेली एक जुनी उघाडी होती. खारबंदिस्तीच्या काळातली. आता नव्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे बांध घालायचे, आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधाला दगडी तोंड ठेवायचं, त्याला लाकडी झडप. भरतीच्या रेट्याने झडप बंद व्हायची, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडायची. होल्डिंग पाँडचं तत्त्व हेच, फक्त त्याला निविदा निघत नव्हती. आत राता भात पिकायचं, खारं सोसणारं, लाल. मामांच्या उघाडीची झडप कधीच कुजून गेली होती. पण खालचा दगडी उंबरा जागेवर होता.

‘‘अवसेच्या सुकतीला उंबऱ्याखाली दोन बोटं पानी जायाचं. आमचा बा बोटं लावून बघायचा. दिवालीपासना तो उंबरा मी बघितलाच नाय.’’

सुकती म्हणजे ओहोटी. आणि दिवाळीपासून म्हणजे आमचा बांध पडल्यापासून. तेव्हा कळलं की जानेवारीत ते मला जे सांगत होते ते पाइपाकडे बघून नव्हे, उंबऱ्याकडे बघून. त्या सगळ्या जागेत पातळी नोंदवलेली एकच गोष्ट होती, आणि ती दगडात होती.

दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यावर स्टाफ ठेवला. पातळी घेतली. दोन बोटं म्हणजे साडेतीन-चार सेंटिमीटर. तेवढं पाणी खाली जायचं असेल तर खालच्या बाजूला तळ कुठवर मोकळा असायला हवा, हे गणित सोपं होतं. मग बांध होता त्या रेषेवर दर दोन मीटरला बांबू खुपसत गेले. मधल्या भागात बांबू टणकन डबरावर आपटत होता. जवळजवळ फूटभर उंचवटा राहिला होता, पाण्याखाली, वर चिखलाची साय धरलेला.

पोकलेन आणखी दोन दिवस थांबलं. त्याचं भाडं कुणी सोसलं यावरून ऑफिसात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. माझी त्या कंपनीतली शेवटची दिवाळी तीच ठरली, एवढं सांगते.

जूनची अमावास्या आली तोवर पाऊस दोनदा हुलकावणी देऊन गेला होता. सकाळी सहाच्या आधी आम्ही दोघं तिवरांतून वाट काढत उघाडीशी पोचलो. मामा धोतर खोचून, मी नव्या गमबुटांत. पाणी उतरत होतं. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. डासांनी फोडून काढलं. मग उंबऱ्याची कड दिसली, काळी, कालवं चिकटलेली, आणि हळूहळू पूर्ण दगड वर आला.

मामा वाकले. दगडाच्या खालच्या कडेला आणि पाण्याच्या मध्ये बोटं धरली.

‘‘दीड.’’

मी विचारलं, मग अजून काढायचं का?

त्यांनी डोंगराकडे बघितलं. पारसिकच्या माथ्यावर ढग टेकले होते. ‘‘अर्धं पाऊस काढल,’’ म्हणाले, आणि हात चिखलात धुवून निघाले.